स्वीडनकाकू आणि पुस्तकातली आई

आमच्या भिंगारच्या गल्लीत कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणणारं एकच माणूस होऊन गेलं, ते म्हणजे स्वीडनकाकू. "तुम्ही जरा पायरीवरून उठता का, मला झाडायचंय," असं त्या गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला म्हणायच्या आणि तो उठायचाही. भाजीवाल्याचा शेंबडा मुलगा, घंटागाडीवरची माणसं, गॅसचा सिलिंडर आणणारा पोरगा, मी, सगळे 'तुम्ही'. सुरुवातीला गल्लीला वाटलं, बाई फार शिष्ट आहेत. मग वाटलं, डोक्यात काहीतरी फरक आहे. माझं सगळं आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलेलं, असल्या गोष्टी विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "तिकडे लहानथोर सगळ्यांना एकच हाक. मंत्र्याला तीच आणि झाडणाऱ्यालाही तीच. मला त्याची सवय लागली. इकडे आल्यावर सगळ्यांना खाली उतरवण्यापेक्षा सगळ्यांना वर चढवलेलं बरं, नाही का?" शाळेतल्या बाईलाच कुणी व्याकरण शिकवून जाणं तसं दुर्मीळच, त्यामुळे ती भेट माझ्या लक्षात राहिली.

काकू मूळच्या भिंगारच्याच. त्यांचे वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होते. लग्न पुण्याच्या एका इंजिनिअरशी झालं आणि तो त्यांना थेट स्वीडनमध्ये घेऊन गेला. "सगळं जग आमच्या गावाला गोथेनबर्ग म्हणतं आणि गावातली माणसं योतेबोरी म्हणतात," असं त्या सांगायच्या. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याही जिल्ह्याचं नाव कागदावर बदललं आहे आणि आम्ही बसमध्ये चढताना अजून 'नगर एक' असंच म्हणतो. काकूंनी तिथे वृद्धाश्रमात नोकरी केली, म्हाताऱ्यांना उचलून अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. त्या कामात हातांचे सांधे कायमचे गेले. नवरा वारल्यावर त्या परत आल्या आणि जुन्या बाजारामागे दोन खोल्यांचं घर घेऊन राहिल्या. लेक तिकडेच होती. लेकीबद्दल विचारलं की "बरी आहे, कामात असते," एवढंच सांगायच्या आणि कॉफी ठेवायला उठायच्या.

ती कॉफीही बघण्यासारखी असे. काळी, बिनदुधाची, आणि सोबत दालचिनी घातलेले गुंडाळीचे गोल पाव. हे पाव भाजायला घरात भट्टी नव्हती. मग आपण दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत जातो, तशा काकू पातेलंभर पीठ घेऊन रिक्षाने बेकरीत जायच्या. बेकरीवाल्याला वाटायचं, पीठ बिघडलंय. पाव बाहेर आले की त्याला दोन मिळायचे. नंतर नंतर तोच विचारायला लागला, "काकू, ह्या महिन्यात न्हाई आलात?"

घरात सामान बेताचंच होतं. दोन खुर्च्या, लोखंडी पलंग आणि एक मोठी ट्रंक. ट्रंकेत साड्या असतील असं आम्ही धरून चाललो होतो. निघाल्या कादंबऱ्या. सगळ्या स्वीडिश, सगळ्या अलीकडच्या. मी एकेक हातात घेऊन 'यात काय आहे' म्हणून विचारायची आणि काकू गोष्ट सांगायच्या. एकात तीन भावंडं आईची राख विसर्जित करायला जुन्या उन्हाळी घरी जातात आणि भांडी कुणी घासायची यावरून भांडतात, भांडण असतं मात्र भलत्याच गोष्टीचं. दुसऱ्यात बाप दुसऱ्या देशातून आलेला, तो मुलाशी स्वीडिशमध्ये बोलतो आणि स्वतःशी आपल्या भाषेत, आणि मुलगा दाराआडून बापाचं ते स्वतःशी बोलणं ऐकत मोठा होतो. तिसऱ्यात एक बाई आडनाव बदलायला कचेरीत जाते आणि कुठलं घ्यावं ते न ठरल्यामुळे तशीच परत येते. मी म्हटलं, "काकू, यात काही घडतच नाही हो." त्या म्हणाल्या, "घडून गेलेलं असतं. नंतर सगळे बर्फ उपसत गप्प बसलेले असतात, तिथून पुस्तक सुरू होतं." आणि मग ट्रंकेचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "तिकडची आत्ताची तरुण माणसं एकच विचारत असतात, आपण कुणाचे. आपल्याकडे हा प्रश्न दुसरेच विचारतात, बसमध्ये."

मला त्यांनी एवढं जवळ केलं ते मात्र माझ्या मराठीसाठी. एक दिवस ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं एक पुस्तक आणि मराठीत लिहिलेले कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. शाळेच्या पुस्तकासारखं नीट कव्हर घातलेलं बघून माझं मत आधीच चांगलं झालं. म्हणाल्या, "एका मुलीची कादंबरी आहे, तिकडे गाजली. ती मराठीत करतेय. पुण्याचे एक प्रकाशक छापायला तयार आहेत. पण माझं मराठी मी गेले त्या वर्षीचंच राहिलंय. तुम्ही तपासाल का?" तपासायला घेतलं तर खरंच त्यातली स्वीडिश तरुण मुलं 'रेडिओ लावला', 'टपाल टाकलं' असलं काहीबाही बोलत होती. आमचे शब्दावरून वाद व्हायचे. मी लाल पेनाने खोडायची, त्या दुसऱ्या दिवशी खोडलेल्यापैकी निम्मं परत लिहून आणायच्या. कादंबरीचं नाव एका गल्लीचं होतं, ते उच्चारताना जिभेचे हाल व्हायचे, म्हणून आम्ही नुसतं 'कादंबरी' म्हणायचो.

पण माझ्या लाल पेनावर त्यांचा खरा विश्वास नव्हता. त्यांची परीक्षा वेगळीच होती. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी पापड लाटायला जमतात. काकूंच्या बोटांना लाटणं धरवत नसे. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे येऊन लाटा, मी वाचून दाखवते." पापड वाळू नयेत म्हणून पंखा बंद, सगळ्या घामाघूम, आणि खुर्चीवर बसून काकू स्वीडनमधल्या हिमवादळाचं वर्णन वाचताहेत, असा तो थाट असे. पापड संपले तरी बैठक मोडली नाही. मग कुणी गहू आणायचं, कुणी मेथी, कुणी लसूण. रिकाम्या हाताने यायला परवानगी नव्हती. "हात कामात असले की कान खरे असतात," काकू म्हणायच्या. "मी म्हाताऱ्यांच्या पाठी चोळता चोळता ती भाषा शिकले. समोर बसून ऐकणारा माणूस मान डोलवतो. काम करणाऱ्याला पटलं नाही की त्याचा हात थांबतो." वाचताना त्यांचं एक लक्ष कागदावर आणि एक बायकांच्या हातांवर असायचं. हात थांबला की त्या समासात खूण करायच्या.

सगळ्यात जास्त हात थांबायचा हिराबाईंचा. हिराबाई समोरच्या घरातल्या, माहेर काष्टीचं, आवाज असा की बाजारात बोलल्या तर छावणीत ऐकू जावं. कादंबरीत एक प्रसंग होता. नायिका लहान असताना मैत्रिणीकडे खेळायला जाते. संध्याकाळी मैत्रिणीची आई हाक मारते, मैत्रीण जेवायला खाली जाते आणि ही तिच्या खोलीत एकटी बसून खालचे काट्याचमच्यांचे आवाज ऐकते. हिराबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"पोरीला जेवाया न्हाई बोलावलं?"

"नाही. तिकडे तशी पद्धत होती पूर्वी," काकू म्हणाल्या. "तिच्या घरी तिचं जेवण तयार असेल, आपण कशाला मोडता घालायचा, असा विचार."

"दुष्काळ हुता का तिकडं?"

"नव्हता हो. उलट भरपूर होतं."

"मंग काय उपेग," असं म्हणून हिराबाईंनी मेथी पुन्हा निवडायला घेतली, पण त्या दिवशी त्यांचं मन काही लागलं नाही. जाताना त्यांनी कुणाचंतरी पोर रस्त्यावरून ओढून नेलं आणि त्याला जेवू घातलं. पोर आधीच जेवलेलं होतं.

कादंबरी होती एका मुलीची आणि तिच्या आईची. आई कुठल्यातरी उन्हाच्या देशातून आलेली, देशाचं नाव लेखिकेने कुठेच दिलं नव्हतं. मुलीशी स्वीडिशमध्येच बोल, असं बाप बायकोला बजावतो, आणि आईला ती भाषा धड येत नाही. म्हणून आई गप्प. ती कामावरून येते, जेवण वाढते, झोपते. मुलीच्या शाळेत फुलं घेऊन सगळ्यांच्या आया येतात, ही येत नाही. मुलगी अठराव्या वर्षी घर सोडते तेव्हा आई तिच्या हातात डबा देते आणि दार लावून घेते. आमच्या बायकांनी या आईला महिनाभर असं धुतलं की विचारू नका. "दगुड हाय दगुड," हिराबाई म्हणायच्या, "आपल्या पोटच्या पोरीला एक शबूद नगं बोलाया?" दुसरी कुणी म्हणायची, असली आई असण्यापेक्षा नसलेली बरी. काकू शांतपणे विचारायच्या, "राग आला ना? नक्की?" आला म्हटलं की त्यांना समाधान वाटायचं. "मग उतरलंय बरोबर," म्हणून पान उलटायच्या. मीही तेव्हा त्यांचं कौतुकच करत होते की बाई कशी तटस्थपणे काम करते.

मग सातवं प्रकरण आलं. ते त्यांनी माझ्याकडेही आधी दिलं नव्हतं. पुन्हा पुन्हा लिहून काढत होत्या, ते मला माहीत होतं, कारण कोपऱ्यातली कागदांची टोपली भरत होती. त्या दुपारी बायका लसूण सोलत होत्या. काकूंनी वाचलं: "वाढदिवसाच्या सकाळी आई माझ्या पलंगाशी यायची. दोन्ही हात माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवायची. मग ते हात आपल्या कानशिलांशी नेऊन दाबायची आणि हाडं मोडल्यासारखा आवाज व्हायचा. काही बोलायची नाही. मी जन्मले त्या दिवशी तिच्यात काय काय मोडलं, ते ती दर वर्षी मला ऐकवायची."

सगळ्यांचे हात थांबले होते. मग हिराबाई हसल्या, आणि त्यांचं ते हसणं फार मऊ होतं.

"अगं बया, ही तर दृष्ट काढतीय पोरीची."

"व्हय की," दुसरी म्हणाली.

"पोरीला कळंना व्हय ते? इडापिडा सवताच्या डोक्यावर घेतीय ना ती. मंग जीव हाय की तिचा. आपुन उगं शिव्या घातल्या."

महिनाभर दगड असलेली आई एका मिनिटात सगळ्यांची सख्खी झाली. काकूंनी चष्मा काढला. "आज इथेच थांबू," त्या म्हणाल्या. प्रकरणाच्या मध्येच त्या कधी थांबत नसत.

मला मात्र भाषांतराची काळजी लागली. संध्याकाळी मी गेले आणि सरळच बोलले, "काकू, इथे काहीतरी चुकलंय. तिकडच्या पुस्तकात आपल्यासारखी दृष्ट कशी काढतील? मूळ शब्द काय आहे?" काकूंनी पुस्तकाचं ब्राऊन पेपरचं कव्हर काढलं आणि मागची बाजू माझ्यासमोर धरली. लेखिकेचा फोटो होता. आडनाव लांबलचक, स्वीडिश. कपाळ, नाक आणि रागावल्यासारख्या दिसणाऱ्या भुवया काकूंच्या होत्या. खाली नाव होतं, माया.

"तिकडेही चालावं आणि इकडेही चालावं म्हणून ते नाव ठेवलं होतं," काकू म्हणाल्या.

मी खुर्चीवर बसले. गेला महिनाभर आम्ही त्यांच्याच घरात, त्यांचेच दालचिनीचे पाव खात, त्यांना काय काय बोललो होतो ते सगळं मला आठवायला लागलं. त्या म्हणाल्या, "तसं काही मनात आणू नका. तुम्हाला राग आला म्हणजे तिने चांगलं लिहिलंय. तिला जे वाटलं ते सगळं खरं आहे. शाळेत मी गेले नाही, कारण तिथे चार वाक्यं बोलावी लागायची आणि तिला माझी लाज वाटेल असं मला वाटायचं. डबा दिला तेव्हा रडू येईल म्हणून दार लावलं. पण हे एक मला माहीत नव्हतं. दहाव्या वाढदिवशी तिने मान मागे घेतली, तेव्हा वाटलं, मोठी झाली, आता आवडत नसेल. म्हणून सोडून दिलं. पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की ती घाबरायची."

मी म्हटलं, "मग सांगा की तिला. आत्ता फोन लावा."

"काय सांगू? तिकडच्या वर्तमानपत्रांनी हेच पान छापलं, हेच वाखाणलं. तिचं पुस्तक या पानावर उभं आहे. मी आई होऊन खालची वीट काढू?"

पुस्तक मराठीत का आणताय, असंही मी विचारलं, कारण मला खरंच कळत नव्हतं. मी असते तर ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घातलं असतं. काकू म्हणाल्या, "एवढी पानं तिने माझा विचार केलाय, बाई. कुठली लेक करते? मला ते माझ्या भाषेत वाचायचं होतं."

आता पंचाईत अशी होती की स्वीडिश वाचकाच्या अंगावर जिथे काटा येत होता, तिथे मराठी वाचकाला आईची माया दिसणार होती. जसंच्या तसं ठेवलं तर मुलीची गोष्ट मोडते, बदललं तर आईची. मी रात्रभर विचार करून तोडगा काढला आणि सकाळी अगदी ऐटीत तो घेऊन गेले. आई स्वतःच्या कपाळावर हात मारून घेते, असं लिहायचं. आपल्या वाचकालाही तेच बोचेल जे तिकडच्याला बोचलं. भाषांतराच्या दृष्टीने तो तोडगा उत्तम होता, असं मला अजूनही वाटतं. काकूंनी नीट ऐकून घेतला. बोलणाऱ्याचं पूर्ण झाल्यावरही थोडं थांबायची त्यांना सवय होती, तशा थांबल्या. मग म्हणाल्या, "पण मी कपाळावर हात मारून घेतला नव्हता."

तेवढ्यात प्रकाशकांचं पत्र आलं की लेखिकेला आम्ही कळवलंय, तिला आनंद झालाय आणि ती पुस्तकासाठी म्हणून भारतात येते आहे. लहानपणी एकदा आली होती, त्यानंतर आताच. काकूंचं जेवण तुटलं. पीठ भिजवून ठेवायच्या आणि बेकरीत न्यायचं विसरायच्या. मला म्हणाल्या, "इथे ते पान कुणीही वाचलं तरी तिला सांगणार. चार लोकांत, कार्यक्रमात, कुणीतरी उठून हसत सांगणार की तुमची आई दृष्ट काढत होती हो. आपल्या पुस्तकात आपणच चुकलो, असं तिला परक्यांसमोर कळणार. त्यापेक्षा छापूच नये." एक दिवस तर त्यांनी तसा फोनही लावला होता. पलीकडून कुणी उचलला नाही. पुन्हा लावायच्या आधी त्या माझ्याकडे आल्या आणि पायरीवरच बसून म्हणाल्या, "तिने लिहिताना माझी भीती बाळगली नाही. आता मी तिची बाळगत बसले तर तिने लिहिलेली आई मीच. जाऊ दे छापायला. एक अक्षर बदलायचं नाही आणि तळटीपही द्यायची नाही." माझी लाल पेनं मी तेव्हा बाजूला ठेवली.

माया आली ती दुपारची, पुण्याहून गाडी करून. गल्लीला एवढंच ठाऊक होतं की स्वीडनकाकूंची लेक येणार. ती लेखिका आहे, पुस्तकातली मुलगी हीच, हे मी आणि काकू सोडून कुणालाच माहीत नव्हतं. उंच पोर, पाठीवर पिशवी, उन्हाने डोळे बारीक केलेले. गाडीतून उतरली तोच समोरून हिराबाई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन आल्या, तिच्यावरून ओवाळून टाकलं. ते तिने हसून करून घेतलं. आणि मग माझ्या ध्यानात येईपर्यंत हिराबाईंनी दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली.

पोरीचा चेहरा पांढरा पडला. मी बघत होते, मला तो अजून दिसतो. ती एक पाऊल मागे सरली, तर तिथे दुसरी बाई उभी होती, तिनेही तेच केलं, "लई गुणाची दिसती" म्हणत. मग तिसरी. आमच्याकडे एकीने केलं की बाकीच्या मागे राहत नाहीत. पहिल्यांदा मायाची नजर हातांवर होती. नंतर ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायला लागली. सगळ्या हसत होत्या, एकीच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण तिची स्वतःची लेक लांब दिलेली. मग मायाने मान वळवून दाराकडे पाहिलं.

काकू चौकट धरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नव्हत्या. माया पायऱ्या चढून गेली आणि आईसमोर जाऊन तिने मान खाली वाकवली, लहान मुलं टोपी घालून घ्यायला वाकतात तशी. काकूंनी तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हात आणले. सावकाश, कारण ते हात लवकर हलतच नसत. मग कानशिलांवर नेऊन दाबले. आवाज आला नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. वर्षानुवर्षं परक्या म्हाताऱ्यांना उचलून ती बोटं आखडून गेली होती. माया मान वाकवून आवाजाची वाट बघत होती आणि काकू हातांकडे बघत होत्या.

खालून हिराबाई म्हणाल्या, "आता सांद्यांत आवाज कुठला ऱ्हायला, काकू. मनातल्या मनात मोडा. पोचतं ते."

मी तिथून घरी आले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पुढे काकूंनी मला सांगितलं की मायाने आत गेल्यावर एवढंच विचारलं, हे काय असतं. "मी म्हटलं, लेकीचं जे वाईट असेल ते आईच्या डोक्यावर येऊ दे, असं असतं. आता त्यांच्या भाषेत हे सांगता येण्याइतकी मी शिकलेय." माया आठवडाभर राहिली. बैठकीत बसून तिने लसूण सोलला आणि एक अक्षर न कळता आपलीच कादंबरी मराठीत ऐकली. मी तिला इंग्रजीत विचारलं, पुढच्या आवृत्तीत ते पान बदलणार का. ती आईसारखीच थोडं थांबून म्हणाली, "नाही. पलंगावर झोपलेली ती मुलगी अजून आहे. तिला घाबरायचं नव्हतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी आता तिला खोटी कशी ठरवू?" मला ते पटलं. काकूंना तर फारच पटलं, कारण माझ्या तोंडून ऐकल्यावर त्या दिवसभर कामं करताना गुणगुणत होत्या.

हिराबाईंना सगळा उलगडा झाला तेव्हा त्या दोन दिवस काकूंच्या घराकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, हातात ताकाचा तांब्या. "मी लई बोलले हुते त्या आईला. दगुड म्हणले."

"बरोबर बोललात तुम्ही," काकू म्हणाल्या. "बसा. आठवं प्रकरण राहिलंय."

पुस्तक निघालं. फार खपलं नाही, प्रकाशकाने दोनदा तक्रारीचा फोन केला. पण आमच्या गल्लीत ते प्रत्येक घरात आहे, देवाच्या फळीवर नाहीतर टीव्हीवर, आणि वाचलेलंही आहे. माया दर रविवारी फोन करायची. काकू तिच्याशी स्वीडिशमध्ये बोलायच्या आणि अधूनमधून मुद्दाम मराठी वाक्यं टाकायच्या. त्या वाक्यांतही लेकीला 'तुम्ही' असायचं, ते ऐकून आम्ही हसायचो.

गेल्या थंडीत काकू गेल्या. सकाळी दूध घेतलं नाही म्हणून हिराबाईंनी दार ढकललं, तर झोपेतच गेल्या होत्या, चष्मा नीट मिटून उशाशी ठेवलेला. काळं कुत्रं त्या दिवशी पायरीवरून कुणाच्या सांगण्याने उठलं नाही. माया तिसऱ्या दिवशी पोचली. घर आवरलं, ट्रंक मला दिली, पीठ भिजवायचं मोठं पातेलं बेकरीवाल्याला दिलं. निघायच्या दिवशी ती तिकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना मिठी मारत गाडीपर्यंत आली. आमच्या बायका त्या बाबतीत जरा ताठ उभ्या राहतात, तशा राहिल्या.

हिराबाई शेवटी होत्या. माया त्यांच्यापुढे थांबली. मिठी मारली नाही. दोन्ही हात तिने हिराबाईंच्या सुरकुतलेल्या तोंडावरून फिरवले, डोक्यावरच्या पदरापासून हनुवटीपर्यंत, जरा चुकतमाकत, आणि आपल्या कानशिलांवर नेऊन दाबले. आवाज मोठा आला, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढा. हिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "काकूंचे ऱ्हायलेले आवाज पन ह्यातच आले." मग गाडी सुरू झाली आणि आम्ही घरात आलो.